पेटीकोटाची घडी

मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला, आणि अध्यक्ष म्हटलं की तो आजन्म. हे मी पुण्यात शिकले, डब्लिनच्या मराठी मंडळात त्याची उजळणी झाली, आणि डब्लिनजवळच्या समुद्रकाठच्या डून लेरीच्या एडवर्डियन पोशाख मंडळात पाय ठेवला तेव्हा फिनुलाला बघून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. फिनुला तिथली अध्यक्ष. तिची निवड कधी झाली हे कुणालाच आठवत नव्हतं, तिला तर मुळीच नाही.

मंडळाचं काम साधं होतं. सातवा एडवर्ड गादीवर असताना, म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वी, इथल्या बायका जे कपडे घालत ते घरी हातानं शिवायचे, आणि जूनमधल्या एका रविवारी ते घालून समुद्रातल्या लांबलचक धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायचं. तेव्हा त्या राजाचं राज्य इथंही होतं आणि आमच्या सदाशिव पेठेतही. त्याच्या काळाची कुणी एवढी हौस करावी याचं मला पहिल्या दिवशी नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मी जाऊन कापड आणलं.

त्याचं कारण सांगते. मी स्वप्नाली. पुण्यात कॉलेजात अकाउंट्स शिकवत होते. मग माझ्या नवऱ्याला, अंबरीशला, इथल्या कॅथेटर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी डब्लिनच्या ओंगार उपनगरातल्या एका घरात 'अंबरीशची मिसेस' होऊन राहिले. "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मी "सध्या घरीच" म्हणायचे. त्या 'सध्या'ला काही वर्षं झाली आणि मला त्याची लाज वाटायला लागली. मला त्या धक्क्यावर चालायचं होतं. मी शिवलेलं घालून, माझ्या नावानं, कुणाचीही मिसेस नसताना. बाकी मला काही नको होतं.

पण चालायला मिळण्यासाठी एक अट होती. वरचा स्कर्ट, ब्लाउज, टोपी उसनी आणली तरी चालेल. आतला पेटीकोट मात्र सुती हवा, स्वतः शिवलेला हवा आणि त्याला मशीनचा एक टाका लागलेला नको. "आतलं खोटं असेल तर बाहेरचं खरं दिसूच शकत नाही," असं फिनुला म्हणायची. निघण्याआधी ती प्रत्येकीच्या स्कर्टची कड उचलून आत बघायची. जिचा पेटीकोट नापास, तिनं कोपऱ्यावर उभं राहून बाकीच्यांचे फोटो काढायचे.

"पण त्या काळी शिवणयंत्रं होती ना?" मी एकदा भाबडेपणानं विचारलं.

मंडळात कुणी खरं बोललं की जी शांतता पसरते ती पसरली. सगळ्या मंडळांत ती सारखीच असते.

"ती वेगळी यंत्रं होती, पेट," फिनुला गोड हसून म्हणाली. ती सगळ्यांना 'पेट', म्हणजे लाडके, म्हणायची. त्यामुळे कुणाचं नाव लक्षात ठेवायचा तिला त्रास नव्हता.

तशी ती वाईट नव्हती. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिनं चहा विचारला. मी म्हटलं, नको, आत्ताच घेऊन आले. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, मी "बरं, अर्धाच" म्हटलं आणि तिनं पूर्ण भरलेला मग पुढे ठेवला. मला भरून आलं. एवढ्या लांब येऊन माणसं थेट आपल्यासारखीच निघाली होती. तो आनंद मला पुढे फार महाग पडला.

मग मी शिवायला बसले. एडवर्डियन पेटीकोट म्हणजे काय चीज असते ते शिवल्याशिवाय कळायचं नाही. वर कळ्या, पण पुढून पोटावर सपाट आणि सगळा घेर मागे ढकललेला. मागे नेफा, नेफ्यात नाडी. खाली रुंद झालर, झालरीवर तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक चुण्या ओळीनं, दोन ओळींच्या मध्ये लेस, आणि झालरीच्या आत आणखी एक झालर, कारण रस्त्यावरची धूळ खायला कुणीतरी हवं ना. शिलाई अशी दुमडून घ्यायची की उलट्या बाजूनं बघितलं तरी कापडाची एक दशी दिसता कामा नये. सगळा हिवाळा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाकून होते. बाहेर चार वाजता अंधार पडायचा आणि मला त्याचं काही वाटायचं नाही, हे पहिल्यांदाच घडत होतं.

अंबरीश कारखान्यात क्वालिटीला आहे. घरी आला की डबा सिंकमध्ये टाकायचा आणि डोळ्याला भिंग लावून माझ्या चुण्या तपासायचा.

"इथं डेव्हिएशन आहे, स्वप्ना. ही चुणी बाकीच्यांपेक्षा जाड आहे. रूट कॉज काय?"

"रूट कॉज तू. तू मागून बोललास आणि माझा हात हलला."

"मग करेक्टिव्ह अ‍ॅक्शन?"

"तू बाहेर जाऊन बस."

तो बाहेर जाऊन बसला, पण जाता जाता त्यानं तो प्रश्न विचारलाच. "एवढं करतेयस ते ठीक आहे, पण दिसणार कोणाला?"

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. माझी लेक मैत्रेयी तर तिच्या डब्लिनच्या हेलात म्हणाली, "नोबडीज इव्हन गोना सी इट, लाइक." पाडव्याला मराठी मंडळात अश्लेषा भेटली, तिचा नवरा अंबरीशच्याच प्लांटमध्ये आहे. ती म्हणाली, "पेटीकोट? अय्या! मग वरचं कोण शिवतंय?" तिला वरचं उसनं आहे असं सांगितल्यावर तिनं माझ्याकडे अशा कणवेनं बघितलं की मी दुसरा श्रीखंडाचा वाडगा घेतला. आयुष्यभर मी लोकांना दिसेल अशीच कामं करत आले होते आणि ती कुणी पाहिली नव्हती. हे एक न दिसणारं करत होते तर सगळे त्यावर नजर ठेवून होते.

मे महिन्यात सासूबाई आल्या. आमच्या आई, सुमित्राबाई, पक्क्या कोल्हापूरच्या. तिकडच्या बायकांसारख्या 'मी येतो, मी करतो' बोलतात. पेटीकोट त्यांनी दोन बोटांनी उचलून बघितला.

"परकरच की हा," त्या म्हणाल्या. "एवढी लेस कशाला? साडीला अडकंल."

पण मग त्यांनी तो उलटा केला. चष्मा पुसला. बराच वेळ आतल्या शिलाया बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी उठून खाली आले तर त्यांनी तांदळाची पेज गाळून खळ केलेली होती. "असा पडलेला घालून जाणार व्हय?" म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून पेटीकोट खळीत बुडवला, पिळला, दोन टोकं धरून झटकला, मागच्या अंगणात ऊन सापडेल तसा हलवत हलवत वाळवला. त्यांनी इस्त्री केली, मी चुण्या धरल्या. पेटीकोट असा कडक उभा राहिला की मीच दोन पावलं मागे सरले. मग आईंनी त्याची चौकोनी घडी घातली, वर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता घडी कोण मोडणार?"

आमच्याकडे नवं लुगडं-पातळ आपणच पहिल्यांदा नेसायचं नसतं. नणंदेला, जावेला, नाहीतर घरातल्या मोठ्या बाईला आधी द्यायचं. तिनं एकदा अंगाला लावून घडी मोडायची, परत द्यायचं, मग आपण नेसायचं. परत द्यायचं हे त्यात महत्त्वाचं. आईंच्या नणंदेनं घडी मोडायला नेलेलं एक इरकल अजून परत आलेलं नाही आणि त्या नणंदेच्या नातवाचं लग्न झालं.

घडी कोण मोडणार असं विचारून आई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या का बघताहेत ते मला कळलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या चुण्या आणि आईंचा घेर आला, आणि मी प्रेसमध्ये इस्त्री ठेवायला वळले. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, त्यात तोंड खुपसून मी म्हटलं, "बघू."

मराठीत 'बघू' म्हणजे नाही. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तो रविवार उजाडला. समुद्राजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये कपडे बदलायची सोय होती. अंबरीशला मी मैत्रेयीबरोबर घरीच ठेवलं होतं. आई मात्र आल्या, इस्त्रीच्या हातमागाच्या साडीत, पर्समध्ये कुंकवाचा करंडा घेऊन. हॉलभर बायका कमरा आवळून एकमेकींची मागची बटणं लावत होत्या. मी पिशवीतून पेटीकोट काढला आणि आजूबाजूचं बोलणं थांबलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

"मग?" आई हळूच म्हणाल्या. "घडी?"

तेवढ्यात फिनुला आली. ती अजून घरच्या झग्यातच होती, तिची कपड्यांची पिशवी खुर्चीवर होती. तिनं झालरीला हात लावला आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगं बाई, हे तर सुंदर आहे," असं ती म्हणाली, तिच्या भाषेत. आणि आई करंडा उघडायला लागल्या.

"फिनुला मोडेल," मी घाईघाईनं आईंना म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आईंनी करंडा बंद केला.

आता बोलले तर निभावणं भाग होतं. मी फिनुलाला रीत समजावून सांगितली. शिवणारीनं आधी घालायचं नसतं, मानाच्या बाईनं घालायचं असतं, आणि आज मानाची तूच आहेस.

"अगं नको," फिनुला म्हणाली. "मला नाही बाई जमायचं."

मला हायसं वाटलं. आमच्याकडेही असंच म्हणतात. मी आग्रह केला. आग्रह करायचाच असतो. समोरची 'नको गं, तूच मोड' म्हणते, आपण हिरमुसल्यासारखं करतो, आणि दोघींचा मान राहतो.

"नाही, नाही, तू किती महिने खपलीयस त्यावर," ती म्हणाली.

"मला बरं वाटेल, खरंच," मी तिसऱ्यांदा म्हटलं. छान रंगला होता आग्रह.

"गो ऑन सो," फिनुला म्हणाली. म्हणजे, बरं, एवढं म्हणतेयस तर. आणि माझ्या हातातून पेटीकोट घेऊन पडद्यामागे गेली.

चहाला 'नको' दोनदा म्हणायचं असतं आणि परक्याच्या घडीला शेवटपर्यंत, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी नुसती उभी राहिले. आता बाहेर येईल, मला देईल, असं स्वतःला समजावत राहिले. ती बाहेर आली ती वर स्कर्ट चढवून, पट्टा आवळून, हातात छत्री घेऊन. माझी नाडी तिच्या कमरेला बसली होती. नाडीचं तेच तर असतं, ती कुणालाही नाही म्हणत नाही. माझ्यासारखीच.

"अगदी ग्रँड बसलाय," ती म्हणाली. "आणि तू माझा घाल, त्या पिशवीत आहे. काळजी नको करूस, तपासणी मीच करते."

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. मला रडू येत होतं. सगळा हिवाळा माझ्यासमोरून छत्री फिरवत गेला आणि मी "थँक यू" म्हटलं.

पडद्यामागे जाऊन मी तिची पिशवी उघडली. तिचा पेटीकोट हाताला लागला आणि मासळीसारखा सुळकन निसटला. पॉलिएस्टर. कमरेला इलॅस्टिक. झालर मशीननं ठोकलेली, आणि शिलाईत कापलेल्या लेबलाचं अर्धं टोक अजून अडकलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ही बाई इतकी वर्षं बाकीच्यांच्या झालरी उचलत आली होती, आणि तिची झालर उचलणारं कुणी नव्हतं. मला हसू आलं, मग राग आला, मग लक्षात आलं की आज चालायचं असेल तर मला हेच घालावं लागणार. मी घातलं. इलॅस्टिक चटकन बसलं, मेलं.

सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. फिनुला एकेकीची कड उचलायला लागली. तिच्याबरोबर यंदा एक पाहुणी होती, उना नावाची, गॉलवेच्या एका कॉलेजात पोशाखाचा इतिहास शिकवणारी. ती नुसती बघायला आली होती, पण अशा लोकांना नुसतं बघवत नाही. माझ्यापाशी आल्यावर फिनुलानं कड जेमतेम बोटभर उचलली, "ग्रँड," म्हणाली आणि पुढे सरकली. उना मात्र वाकली. तिनं झालर दोन बोटांत चुरगाळली.

"हे तर पॉलिएस्टर आहे," ती म्हणाली. मोठ्यानं. वर्गात शिकवणाऱ्यांचा आवाज मोठाच असतो, माझाही आहे. "तुम्ही शिवलंय?"

"नाही," मी म्हटलं. "उसनं आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. मी फिनुलाकडे बघितलं. तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. तिचा माझ्या अंगावर आहे, माझा तिच्या, गोंधळ झाला, असं काहीही. ती घसा साफ करून म्हणाली, "नियम तो नियम, पेट. तू कोपऱ्यावरून आमचे छान फोटो काढ हं."

तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी 'असू दे' म्हणाले नाही.

"फिनुला, माझा पेटीकोट परत दे," मी म्हटलं.

हॉलमध्ये ती ओळखीची शांतता पसरली.

"देते की, चालून आल्यावर," ती हसत म्हणाली. "अशी काय करतेस?"

"माझा पेटीकोट परत दे."

"आता मी सगळं आवळलंय गं, उशीर होईल सगळ्यांना. लोक थांबलेत धक्क्यावर."

आईंना इंग्रजी येत नाही. पण त्या उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि फिनुलाकडे बघायला लागल्या. त्या नजरेपुढे कोल्हापुरात भाजीवाले वजन वाढवून देतात.

"माझा पेटीकोट परत दे," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, शब्द बदलले नाहीत.

फिनुलानं एकदा उनाकडे बघितलं, एकदा माझ्या स्कर्टाच्या कडेकडे, जिच्याखाली तिची अब्रू इलॅस्टिकनं धरलेली होती. तिचं गुपित माझ्या कमरेला होतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं हे तिलाही कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"गो ऑन सो," ती म्हणाली.

आणि पडद्यामागे गेली. मीही दुसऱ्या पडद्यामागे गेले. पडद्यावरून हात आत आले, पडद्यावरून हात बाहेर गेले, पेटीकोटांची अदलाबदल झाली. आई माझ्याबरोबर आत आल्या होत्या. त्यांनी करंडा काढून माझ्या पेटीकोटाच्या नेफ्याला आतून कुंकवाचं बोट लावलं आणि नाडी स्वतः बांधली, जरा जास्तच घट्ट. बाहेर आल्यावर मी उनापुढे उभी राहिले. तिनं कड उचलली, उलटी केली, आतल्या शिलाईवरून बोट फिरवलं. मग तिनं माझं नाव विचारलं. मी स्वप्नाली म्हणून सांगितलं, तर तिनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि दुसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

फिनुलाचा गुडघा अचानक दुखायला लागला. तिनं कोपऱ्यावर उभं राहून आमचे फोटो काढले. चांगले काढले, कडवट न होता काढले, हे मला नंतर पाहून थोडं वाईटच वाटलं. पण थोडंच.

धक्क्यावर वारा होता, आइस्क्रीमची रांग होती, कुत्री होती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, एका पोरानं शिट्टी मारली. माझा पेटीकोट कुणालाही दिसला नाही. पण त्याला खळ होती. पावलागणिक तो सळसळत होता आणि ती सळसळ मला टोकापर्यंत आणि टोकापासून परत, पूर्ण वाटभर ऐकू येत होती. मला एवढा आनंद झाला होता की तो कुणाला सांगावासाही वाटला नाही.

परतीच्या डार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी आणि आई शेजारी बसलो. पेटीकोट मांडीवर, आता घडी नीट बसत नव्हती. आई खिडकीतून समुद्र बघत होत्या.

"छान झालं ना सगळं?" मी विचारलं.

"झालं की." मग त्या म्हणाल्या, "पण त्या बाईला विचारलंस. मला विचारलं न्हाईस."

मी मांडीवरची घडी पुन्हा सारखी केली. "तुम्ही नकोच म्हणाला असतात, आई."

"म्हणालो असतो की," त्या समुद्राकडे बघतच म्हणाल्या. "दोनदा."